एकशे चव्वेचाळीस पौंडांची हिरवी टिक आणि बाबांचा डोंबिवलीचा फ्लॅट

किल्ली हातात आली त्याच संध्याकाळी इस्टेट एजंटचा मेल आला. आमची सेवा कशी वाटली, एका मिनिटात रिव्ह्यू लिहा. खाली पाच तारे, पाचही आधीच भरलेले. हे एका मिनिटाचं काम नाही, म्हणून इथे मराठीत सविस्तर लिहितेय.

घराबद्दल लिहीत नाहीये. घर छान आहे. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ वुडलीत, तीन बेडरूमचं, एका अंगाने शेजाऱ्याला चिकटलेलं, मागे सफरचंदाचं झाड आणि आत एक म्हातारा बॉयलर. लिहायचंय ते ‘एएमएल (अँटी-मनी-लाँडरिंग) चेक’ नावाच्या प्रकाराबद्दल. काळा पैसा घरात घालून पांढरा करू नये म्हणून घेणाऱ्याची जी तपासणी होते, ती. एजंटने केली, खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाने म्हणजे सॉलिसिटरने केली, कर्ज देणाऱ्या बँकेने केली. पहिल्या दोघांनी पैसे घेतले. भारतातून आईवडिलांचे पैसे येणार असतील तर यातून तुम्हीही जाल, आणि आमच्यापेक्षा थोडं कमी धडपडत गेलात तर बरं. एजंट आणि सॉलिसिटर दोघांचीही नावं देत नाही. दुसऱ्या कुठल्या एजंटकडे गेलात तरी मेल जवळजवळ हाच येईल, असं ओळखीच्यांकडून ऐकलंय.

ऑगस्टमध्ये (२०२५) एका शुक्रवारी आमची ४,६५,००० पौंडांची ऑफर मान्य झाली. दुपारी चारला ब्रँचमधून फोन, अभिनंदन वगैरे. पावणेपाचला मेल. ‘एएमएल कम्प्लायन्स फी’ माणशी ३० पौंड अधिक व्हॅट, दोघांचे मिळून ७२. ती भरून तपासणी पूर्ण होईस्तोवर घराची जाहिरात उतरवणार नाही. खाली ठळक अक्षरांत: कायद्याने बंधनकारक.

यातलं अर्धं खरं आहे. २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांप्रमाणे ब्रिटनमधल्या इस्टेट एजंटला विकणारा आणि घेणारा, दोघांची तपासणी करावीच लागते. कमिशन विकणाऱ्याकडून मिळतं, तरी या नियमांपुरता घेणाराही त्यांचा ग्राहक. एजंटांवर देखरेख एचएमआरसीची, म्हणजे इथल्या करखात्याची. तिथे नोंदणी केल्याशिवाय एजन्सीचं दुकान चालवता येत नाही, तपासणीचे कागद पाच वर्षं जपावे लागतात, आणि कुचराई सापडली तर दंड होतो, शिवाय नाव जाहीर होतं. २०१९ मध्ये कंट्रीवाइडसारख्या मोठ्या साखळीला २,१५,००० पौंडांचा दंड झाला होता. तपासणीचा खर्च घेणाऱ्याच्या खिशातून काढा, असं मात्र नियमात कुठे नाही. ‘बंधनकारक’ हा शब्द तपासणीचा. मेलमध्ये तो अलगद उचलून फीला चिकटवला होता. मी फोन करून विचारलं. पलीकडे पंचविशीचा मुलगा असावा. फार गोड आवाजात म्हणाला, सगळेच घेतात. भरले. घर हातचं जाईल या धास्तीपुढे ७२ पौंडांचं काय घेऊन बसलात!

मग ॲपची लिंक आली. पासपोर्टच्या पानाचा फोटो काढा, मग फोन पासपोर्टवर टेकवून आतली चिप वाचू द्या, मग मान डावी-उजवीकडे वळवत स्वतःचा व्हिडिओ काढा. आमचे पासपोर्ट भारतीय आणि जुने, म्हणजे बिनचिपचे. ‘माझ्या पासपोर्टात चिप नाही’ ही ओळ पडद्याच्या तळाशी इतक्या फिक्या राखाडी रंगात होती की ती सापडेपर्यंत नवऱ्याने दोन वेळा ॲप काढून पुन्हा टाकलं होतं. शेवटी प्रश्न, पैसे कुठून येणार? समोर पर्याय: बचत, भेट, वारसा, मालमत्तेची विक्री, इतर. मी बचत आणि भेट यांवर टिचकी मारली. चार मिनिटांत हिरवी टिक. भेट कोण देतंय, किती देतंय, त्यांच्याकडे कुठून आली, काहीही नाही.

सोमवारी ब्रँचला जाग आली. भेट देणाऱ्यांचीही तपासणी लागेल, आणखी ७२.

भेट देणारे म्हणजे माझे आई-बाबा. डोंबिवली पूर्वेचा त्यांचा फ्लॅट मे महिन्यात विकला आणि ते पुण्याला भावाकडे राहायला गेले. त्यातले ४५,००० पौंड आमच्या घरात घालायचे, हे वर्षभरापासून ठरलेलं होतं. बाबा ७४ वर्षांचे. आमचे संध्याकाळचे सहा, त्यांचे रात्रीचे साडेदहा. बाबांच्या फोनवर ॲप आणि आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल, तो आईने असा धरलेला की अर्धा वेळ मला सीलिंग फॅन दिसत होता.

“चिप वाच म्हणतोय गं.”

“बाबा, तुमच्या पासपोर्टात चिप नाहीये. खाली बघा, बारीक अक्षरात...”

ऐकतात कसले! पासपोर्टवर फोन ठेवला, फोनवर पासपोर्ट ठेवला, मग पासपोर्ट उलटा करून फोनच्या पाठीवर चक्क घासला, पूर्वी टॉर्चचे सेल बसले की घासायचे तसा. मग व्हिडिओ. ॲप म्हणालं, मान हळू वळवा. बाबा म्हणाले, “स्पाँडिलायटिस आहे, हळूच वळणार ती.” आईच्या चष्म्यावर ट्यूबलाइट चमकत होती म्हणून ॲपने तिला चष्मा काढायला सांगितलं, आणि चष्मा काढल्यावर पुढची सूचना तिला वाचता येईना. शेवटी भाच्याने मागे उभं राहून ओळ न् ओळ वाचून दाखवली. पावणेबाराला दोन हिरव्या टिका मिळाल्या.

एकूण १४४ पौंड झाले आणि या सगळ्यात एकाही माणसाने एकही कागद वाचला नाही.

मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. मॉर्फिनच्या कपाटाचं रजिस्टर आमच्याकडे दोन सह्यांनी चालतं. दुसरी सही करणारा ॲम्प्युल मोजून सही करतो की पहिल्याचं तोंड बघून, हे कपाटाच्या दारातूनच कळतं. एजंटची सही तोंड बघून केलेली होती. दोन तारे. त्यातला एक त्या मुलाच्या आवाजाला.

कायद्यावर माझा राग नाही, हे मध्येच सांगून टाकते. लंडनच्या घरांत जगभरचा पैसा कसा येऊन बसतो त्याच्या कथा इथे बसच्या रांगेतही ऐकायला मिळतात. त्यातली सगळ्यात गाजलेली झमिरा हाजियेवा हिची. नवरा अझरबैजानच्या सरकारी बँकेचा प्रमुख, पुढे तिथे तुरुंगात गेला. लंडनमध्ये हॅरॉड्सच्या जवळ १ कोटी १५ लाख पौंडांना घेतलेलं घर, कागदोपत्री मालक ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरची एक कंपनी, आणि बाईंची दहा वर्षांतली हॅरॉड्समधली खरेदी १ कोटी ६० लाख पौंडांची. ‘एवढी संपत्ती आली कुठून ते सांगा’ असा कोर्टाचा आदेश काढायची सोय २०१८ पासून झाली आणि पहिला आदेश हिच्यावर निघाला. एक गोल्फ क्लबही त्यात होता, तो आमच्याच बर्कशरमधल्या ॲस्कॉटचा. आता अशी घरं कुठल्या ना कुठल्या एजंटनेच विकलेली असतात. तेव्हा एजंटने विचारायला हवं, यात वाद नाही. विचारल्यासारखं करण्याचे माणशी ३६ पौंड द्यायला माझी हरकत आहे.

आता सॉलिसिटर. तिथली तपासणी-फी माणशी २० पौंड, आणि काम प्रत्यक्षात करणारी एक पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या हाताखालची सहायक. आवाजावरून तिशीच्या आतली. अकरा पानी प्रश्नावली आली आणि वाटलं, एजंट परवडला. प्रत्येक खात्याची सहा महिन्यांची स्टेटमेंट्स. भेटीचं सहीचं पत्र, त्यात हे कर्ज नाही आणि घरात आमचा हिस्सा नाही असं आई-बाबांनी लिहून द्यायचं. त्यांचीही स्टेटमेंट्स. वर दोन वेगळे प्रश्न, जे आधी मला एकच वाटले होते. हे पैसे नेमके कुठल्या व्यवहारातून आले, हा पहिला. आणि या माणसांकडे मुळात एवढी मालमत्ता कशी झाली, हा दुसरा.

दुसरा प्रश्न बाबांना विचारायचा कसा, याचा मी दोन दिवस विचार करत होते. शेवटी शक्य तितका मऊ करून विचारला.

“म्हणजे काय? आम्ही कुठे दरोडा घातला का, असं विचारतेय ती?”

“तसं नाही हो बाबा, सगळ्यांनाच विचारतात.”

“तिला सांग, बत्तीस वर्षं सेंट्रल रेल्वेच्या अकाउंट्समध्ये काढली. दुसऱ्यांच्या बिलांवर शेरे मारले. आता माझ्यावर शेरा?”

फोन आईकडे गेला. आई म्हणाली, जेवू दे त्यांना, मग बोल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ४७ पानांची पीडीएफ आली. पहिल्या पानावर बाबांच्या अक्षरात अनुक्रमणिका, एक ते एकोणीस. १९९४ चा करारनामा, ३ लाख ८० हजारांचा. रेल्वेच्या सोसायटीतून काढलेल्या कर्जाचा ना देय दाखला. फंडाची कपात दाखवणाऱ्या तीन पगारपावत्या, त्यातली एक इतकी विटलेली की आकडे पेन्सिलीने बाजूला पुन्हा लिहिलेले. शेअर सर्टिफिकेट. पेन्शनची ऑर्डर. मे महिन्यातल्या विक्रीचा करार आणि इंडेक्स टू. पॅरालीगलने उत्तर दिलं की इतका नीट लावलेला गठ्ठा तिला आजवर कुणी पाठवला नव्हता. मी ते बाबांना कळवलं. भाऊ सांगत होता, सोसायटीतल्या निदान चार जणांना ते वाचून दाखवून झालंय.

पण गठ्ठ्यातले महत्त्वाचे कागद मराठीत. इंडेक्स टू म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळणारी सूची क्रमांक दोन, त्यात मोबदला, बाजारभाव, करून देणारा, करून घेणारा, मुद्रांक शुल्क, सगळं येतं. त्याचं प्रमाणित भाषांतर हवं. अनुवादकाने आठवड्यात दिलं, आणि तीन दिवसांनी पॅरालीगलचा प्रश्न: सहाव्या रकान्यात ‘आकारणी किंवा जुडी देण्यात असेल तेव्हा’ असं काहीतरी आहे आणि पुढे कोरं आहे. ही जुडी भरली होती का? मी जन्मभर मराठी बोलतेय, मला जुडी कोथिंबिरीची माहीत. बाबांना फोन केला. इनाम जमिनीवर पूर्वी सवलतीचा सारा असायचा, त्याला जुडी म्हणत. छापील नमुन्यात तो रकाना अजून चालत आलाय. “इनामदार समजते का काय ती आपल्याला?” हे मात्र बाबा खूश होऊन म्हणाले.

जुडीवर हसले, पण त्याच मेलमधल्या पुढच्या प्रश्नाने मी खुर्चीत सरळ बसले. करारात किंमत ६२,००,००० रुपये. बाबांच्या स्टेटमेंटमध्ये घेणाऱ्याकडून आलेल्या तीन रकमा: टोकनचे १,००,०००, मग १०,३८,०००, मग त्याच्या बँकेच्या कर्जाचे ५०,००,०००. बेरीज ६१,३८,०००. बासष्ट हजार रुपये कमी आहेत, साधारण ५३० पौंड. ते कुठे गेले?

पाच लाख पौंडांच्या व्यवहारात रुपयांतल्या तीन रकमांची बेरीज करून बघणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. उत्तर सोपं होतं. आपल्याकडे ५० लाख किंवा त्यावरच्या घराला घेणारा एक टक्का टीडीएस कापतो आणि विकणाऱ्याच्या पॅनवर सरकारात भरतो. ६२ लाखांचा एक टक्का, ६२ हजार. त्याचा दाखला म्हणजे फॉर्म १६बी, तो बाबांच्या अनुक्रमणिकेत सोळाव्या नंबरला होताच. मी फक्त पान क्रमांक कळवला. त्याच दिवशी तो मुद्दा मिटला.

आणि त्या संध्याकाळी मला डोंबिवलीचा ब्रोकर आठवला. फ्लॅटला गिऱ्हाईक आलं तेव्हा तो बाबांना म्हणाला होता, काका, अठ्ठेचाळीस कागदावर दाखवू, चौदा हातात देतो. टीडीएसची कटकट नाही, तुमचाही टॅक्स वाचेल, सगळे असंच करतात. (सगळेच करतात हे वाक्य रेडिंगपासून डोंबिवलीपर्यंत एकाच सुरात म्हणतात.) बाबांनी सरळ ‘नाही’ म्हणून सांगितलं, आणि गिऱ्हाईक तीन आठवडे रुसून बसलं. तेव्हा मी फोनवर म्हणाले होते, बाबा, थोडंफार तर सगळीकडे चालतं, सौदा हातचा घालवू नका. हे आता लिहिताना लाज वाटतेय. जून २०१५ पासून घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. बाबांना कलमासकट माहीत होतं. मला ते म्हणाले होते एवढंच, “चौदा लाख पिशवीत घालून रेडिंगला आणू का तुझ्या?” तेव्हा तो विनोद वाटला होता. ती बेरीज जर ४८ वर संपली असती तर वरचे पैसे मी त्या पॅरालीगलला कुठल्या पानावर दाखवणार होते?

आपल्याकडेही हा कायदा एजंटांना लागू आहे, हे मला बाबांकडूनच कळलं. २८ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेने वर्षाला २० लाख आणि त्यावर उलाढाल असलेले रिअल इस्टेट एजंट मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले. ग्राहकाची ओळख तपासा, नोंदी पाच वर्षं ठेवा, संशयास्पद काही दिसलं तर वित्तीय गुप्तचर विभागाला कळवा. आमच्या ब्रोकरने आधारची झेरॉक्स घेतली होती, मागे पेनाने मोबाइल नंबर लिहून. त्याची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, असं आपण समजू.

पैसे पाठवणं त्यामानाने सरळ झालं. फ्लॅट दोघांच्या नावावर होता, म्हणून निम्मे बाबांनी आणि निम्मे आईने पाठवले. परदेशी पाठवायची माणशी वर्षाची मर्यादा अडीच लाख डॉलर, तिच्या आसपासही आम्ही नव्हतो. पण भेट म्हणून पाठवताना १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. एप्रिल २०२५ च्या आधी ही सीमा ७ लाख होती. दोघांचे मिळून साडेसहा लाख तिथे गेले. हा कर म्हणून बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, आणि बाबांना फ्लॅटच्या नफ्यावर कर भरायचाच होता. पण तेवढे पैसे त्या दिवशी खात्यात लागतात. आम्ही हे धरलं नव्हतं. बाबांनी धरलं होतं.

आता भिशी. इतका वेळ टाळत होते.

रेडिंगमध्ये आमची बारा जणींची भिशी आहे, २०१४ पासून. महिन्याला २०० पौंड, पहिल्या शनिवारी कुणाच्या तरी घरी चिठ्ठी आणि मिसळ. मार्चमध्ये चिठ्ठी माझी निघाली. म्हणजे माझ्या खात्यात चार दिवसांत अकरा वेगवेगळ्या बायकांकडून प्रत्येकी २०० पौंड आले, आणि त्याच खात्यातून आम्ही डिपॉझिटचा आमचा वाटा देणार होतो. संदर्भाच्या रकान्यात कुणी ‘भिशी’ लिहिलं होतं, कुणी ‘मार्च’, एकीने नुसतं ‘मिसळ’.

पॅरालीगलने अकराही ओळी पिवळ्या करून पाठवल्या. हे अकरा लोक कोण? मिसळ म्हणजे काय विकता तुम्ही?

मी लिहिलं, बारा मैत्रिणी मिळून पैसे जमवतो, दर महिन्याला एकीला सगळे मिळतात, व्याज नाही, नफा नाही. तिचं उत्तर आलं, व्याज नाही तर मग करता कशासाठी?

याला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. मिसळीसाठी, असं लिहून खोडलं. फोनवर समजावायला गेले आणि आणखी गुंता केला, कारण ‘चिठ्ठी’ म्हटल्यावर तिला लॉटरी वाटली आणि लॉटरी म्हटल्यावर जुगार. मग पलीकडे कुणाशी तरी बोलल्याचा आवाज आला, आणि ती परत येऊन म्हणाली, माझी सहकारी म्हणतेय हे पार्डनर आहे. जमैकन लोकांत अशीच भिशी असते, तिला पार्डनर म्हणतात. एका शब्दात काम झालं. मला अर्धा तास लागला होता.

तरी कागद हवाच होता. भिशी चालवणाऱ्या काकूंचं सहीचं पत्र, सभासदांची यादी, आणि मी स्वतः दर महिन्याला २०० भरत आलेय हे माझ्या स्टेटमेंटवर खूण करून. अकरा वर्षांत आमच्या भिशीचा एक कागद नव्हता. सगळं काकूंच्या डोक्यात. काकू आधी घाबरल्या, “माझं नाव सरकारात जाणार का गं?” मग चिडल्या, मग त्यांनी टाइप केलेलं पत्र आणून दिलं, खाली सही आणि सहीखाली सवयीने ‘कळावे, लोभ असावा’.

हे सगळं पाठवल्यावर नऊ दिवस शांतता. मेलला उत्तर नाही, फोन उचलला तर रिसेप्शनिस्ट. इथे एक गोष्ट माहीत नसलेली बरी, ती मला माहीत होती. संशय आला तर सॉलिसिटर किंवा एजंट नॅशनल क्राइम एजन्सीला कळवतो आणि व्यवहार पुढे न्यायला परवानगी मागू शकतो. त्यांना उत्तराला सात कामाचे दिवस असतात. त्या काळात ‘तुमच्याबद्दल कळवलंय’ असं ग्राहकाला सांगून सावध करणं हाच गुन्हा. म्हणजे शांततेचा अर्थ काहीही असू शकतो आणि विचारून उपयोग नाही, कारण खरं उत्तर द्यायला त्यांना बंदी. मी कॅलेंडरवर कामाचे दिवस मोजले. आठव्या दिवशी नवरा म्हणाला, तुला भिशीसाठी अटक झाली तर मुलाला शाळेतून कोण आणणार ते आत्ताच ठरवू. दहाव्या दिवशी पॅरालीगलचा मेल आला. ती टेनेरिफला सुट्टीवर गेली होती. सुट्टीचा ऑटोरिप्लाय लावायला विसरली, त्याबद्दल क्षमस्व, तुमची फाइल पूर्ण आहे.

सॉलिसिटरला चार तारे. पाचवा कापला तो टेनेरिफबद्दल नाही; सुट्टी प्रत्येकाला हवी. कापला कारण प्रश्न एकेक करून आले. जुडी एका आठवड्यात, भिशी दुसऱ्या, आईचं पासपोर्टावरचं नाव आणि पॅनवरचं नाव यांतला एका अक्षराचा फरक तिसऱ्या. पहिल्याच दिवशी सगळी यादी दिली असती तर तीन आठवडे वाचले असते. दुसरं म्हणजे, एजंटने जे पाहिलं तेच यांनी पुन्हा पाहिलं. एकाने केलेल्या तपासणीवर दुसऱ्याने विसंबायची मुभा नियमांत आहे, पण चूक निघाली तर जबाबदारी विसंबणाऱ्याची, म्हणून कुणी विसंबत नाही. एजंटची ती हिरवी टिक पाहिल्यावर मला त्याचं नवल वाटत नाही. पैसे भरायच्या वेळी मात्र यांनी खाते क्रमांक लेटरहेडवर पोस्टाने पाठवला, त्यांच्या ऑफिसला फोन करून पडताळा म्हणून बजावलं, आणि मेलवरून खाते क्रमांक बदलल्याचं कुणीही सांगितलं तरी एक पेनी पाठवू नका असं तीनदा लिहिलं. हे चोख.

भाषांतरं ऑफर देण्याच्या आधीच करून ठेवा, टीडीएसचा दाखला जपून ठेवा, आणि आई-बाबांचा पासपोर्ट बिनचिपचा असेल तर ती राखाडी ओळ कुठे आहे ते आधी स्वतःच्या फोनवर बघून घ्या. एजंटच्या पाच ताऱ्यांचा मेल मी अजून उघडा ठेवलाय. त्यातले तीन पुसायचे कसे ते सापडत नाही.

आमच्या भिशीला आता वही आहे, लाल पुठ्ठ्याची, काकूंनी डोंबिवलीहूनच मागवलेली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मिसळीच्या आधी सह्या होतात. पहिल्या पानावर सॉलिसिटरला दिलेल्या पत्राची झेरॉक्स चिकटवलीय, आणि संदर्भाच्या रकान्यात ‘मिसळ’ लिहिणारीला जानेवारीपासून पाच पौंड दंड.